पेटीत झोपलो तो नोव्हेंबर

नोव्हेंबर लागला की माझा फोन मला मेलेला दाखवतो.

महिन्याच्या शेवटाकडे, एखाद्या सकाळी, चष्मा शोधायच्या आधीच पडद्यावर अक्षरं येतात : सहा वर्षांपूर्वी, आजच्या दिवशी. गेल्या साली पाच होती, त्याआधी चार. अक्षरांखाली मी. पांढऱ्या पेटीत उताणा, हात छातीवर जोडलेले, बोटांत कमळाची मिटलेली कळी, डोळे बंद. चेहरा अगदी शांत आहे. दुसऱ्या कुठल्याच फोटोत माझा चेहरा एवढा शांत आलेला नाही. बायको म्हणते, काढून टाक ना तो एकदाचा. मी काढतो. पुढच्या नोव्हेंबरला तो परत येतो.

फोटो बँकॉकचा आहे, तिथल्या एका देवळातला. तो काय आहे हे मी कोणाला नीट सांगितलं नव्हतं. मी बोलणारा माणूस नाही. अंधेरीला एअर कार्गोच्या ऑफिसात सव्वीस वर्षं कागद तपासतोय. चूक सापडली की लाल पेनाने गोल करायचा आणि कागद परत पाठवायचा, एवढंच माझं काम. दर महिन्याला कन्फेशनला जातो, गुडघे टेकतो, रागाचं सांगतो, आळसाचं सांगतो, कधी एखादं खोटं सांगतो. हे एक मात्र जाळीच्या पलीकडे कधी गेलं नाही. या वर्षी सांगावं लागलं, तेही फादरना नाही.

आमच्याकडे नोव्हेंबर हा मेलेल्यांचा महिना. आम्ही मरोळच्या गावठाणातले ख्रिस्ती, इथलेच. शेतं गेली, त्यांच्यावर काचेच्या इमारती आल्या, मेट्रोचे खांब आले, मधे आमची कौलारू घरं आणि नाक्यावरचा क्रूस तेवढा उरला. पावसात वाढलेलं गवत सिमेट्रीत कापलं जातं, भिंतींना चुना लागतो आणि दोन तारखेला सगळं गाव मेणबत्त्या घेऊन आत शिरतं. वितळलेलं मेण, झेंडू, ओला चुना आणि बाहेरच्या बांधकामाची सिमेंटची धूळ, या चौघांचा मिळून एक वास होतो. मी आता बोरिवलीला राहतो, पण ऑक्टोबरचं ऊन उतरलं की तो वास मला तिथेही येतो, सातव्या मजल्यावर, बंद खिडकीतून.

आमच्यात माणूस पुरतात हे सगळ्यांना माहीत असतं. पुरलेला माणूस पुन्हा वर काढतात, हे बाहेरच्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. जागा नाही, दुसरं काय. दोन-अडीच वर्षं झाली, मातीने तिचं काम केलं, की ती रांग उघडायची तारीख लागते. हाडं वर येतात. ती पुसायची, पांढऱ्या कापडात बांधायची, लाकडाच्या लहान पेटीत ठेवायची आणि ती पेटी भिंतीतल्या कोनाड्यात सरकवून वर संगमरवरी पाटी बसवायची. आमच्या सिमेट्रीत अट एकच. घरचं कोणीतरी तिथे उभं पाहिजे. पैसे भरलेले असोत, पाटी कोरून तयार असो, उभं कोणी नसेल तर संध्याकाळी ती हाडं मागच्या विहिरीत जातात. जुनी कोरडी विहीर आहे, वर लोखंडी झाकण. ज्यांच्यासाठी कोणी आलं नाही ते सगळे तिच्यात.

मम्माची तारीख आली तेव्हा बाय खाटेवर होती. बाय म्हणजे माझी मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही, मरोळचं घर सांभाळलं, मम्मालाही शेवटपर्यंत तिनेच सांभाळलं. मम्माच्या अंगाला लावलेला माझा हात आठवायचा तर मला फार मागे जावं लागतं. त्या वर्षी बाय न्हाणीत घसरून पडली होती आणि खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, उठायला मनाई होती. म्हणून उभं राहण्याचं काम माझ्याकडे आलं. तिने मला खाटेजवळ बसवून पाठ घेतला.

"उभा राहायचंस, बाबू. मधे चहाला पळायचं नाही."

"नाही जाणार गं."

"उजवं मनगट बघ. विहिरीवर मोडलेलं, नीट बसलं नव्हतं. त्याच्यावरून ओळखायचं. हातात निळ्या मण्यांची रोजरी आहे, मीच गुंडाळलीय."

"बाय, प्रत्येक खड्ड्याला नंबर असतो. चुकतील कसे?"

"नंबर लिहिणारा माणूसच असतो ना," बाय म्हणाली.

तारीख दोनदा पुढे गेली होती. एकदा पाऊस लांबला आणि माती ओली राहिली. एकदा शेजारच्या खड्ड्यातलं काम अजून पुरं झालेलं नव्हतं. हे पुरं न होणं काय असतं ते आमच्याकडे कोणी विचारत नाही. सगळे मान हलवतात आणि माती परत लोटतात. मग तिसरी तारीख लागली, आणि त्याच आठवड्यात ऑफिसने दहा जणांना बँकॉकला न्यायचं ठरवलं. सव्वीस वर्षांतलं हे एकच बक्षीस. मी नाही म्हणू शकलो असतो. तावडे, माझ्या शेजारच्या टेबलावरचा, त्याने विचारलंसुद्धा, "तुझं काहीतरी होतं ना रे त्या आठवड्यात?" मी म्हणालो, ते पुढे जाईल. मुंबईत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की दिलेली तारीख ही खरी तारीख नसते. बायला सांगितलं, पुढच्या गुरुवारचं आहे, मी सोमवारी परत येतोय. खरं तर ते याच गुरुवारचं होतं, मी बँकॉकला असतानाचं. सिमेट्रीचा तारखेचा कागद माझ्या खिशात होता. सिमेट्रीत फोन करून विचारायचं मी रोज ठरवत होतो, आणि विमानात बसल्यावर फोन बंद केला तो केलाच.

बँकॉकच्या देवळांत पहिली गोष्ट जाणवते ती पायांना. बूट काढून आत गेलं की संगमरवर इतका गार लागतो की उन्हातून आलेला माणूस क्षणभर बोलायचा थांबतो. पहिल्या दिवशी आम्हाला आडवा बुद्ध दाखवला. छताखाली मावत नाही एवढा सोन्याचा देह, कुशीवर झोपलेला, आणि तळव्यांवर शिंपल्यांची नक्षी. लोक डोक्याकडून पायांकडे सरकत होते, फोन वर धरून. आमच्याकडे झोपलेला देव म्हणजे गुड फ्रायडेचा. क्रुसावरून उतरवून कापडावर ठेवलेला, रांगेने जाऊन ज्याच्या पायांचं चुंबन घ्यायचं. त्या तळव्यांपाशी पोचल्यावर माझा गुडघा आपोआप वाकला.

"अरे काय करतोस?" तावडेने मागून कॉलर धरली. "हे तुझं चर्च नाही यार."

"पाय घसरला," मी म्हणालो.

आमच्या गाइडचं नाव प्लॉय. तिशीची, बुटकी, हातात गुलाबी छत्री. हिंदी टुरिस्टांकडून उचललेलं मोडकंतोडकं हिंदी बोलायची. दुसऱ्या दिवशी तिने एका लहान देवळात नेलं, तिथे आमच्याशिवाय कोणीच टुरिस्ट नव्हते. मुख्य देवळात सगळे फोटो काढत राहिले आणि मी सावली बघून मागच्या भिंतीकडे वळलो. ती भिंत पाहिली आणि तिथेच थांबलो. भिंतीत कोनाडे होते. चौकोनी, ओळीने, जमिनीपासून माझ्या डोक्याच्या वरपर्यंत, आणि प्रत्येकावर एक लहान फोटो, ओळखपत्रावर असतो तसा. म्हातारे, बायका, एक गणवेशातला माणूस. सगळे सरळ माझ्याकडे बघत होते. काही कोनाड्यांपुढे लाल सरबताच्या बाटल्या ठेवलेल्या, झाकण उघडून स्ट्रॉ लावलेल्या. एका बाटलीतलं सरबत निम्म्यावर आलं होतं. उन्हाने आटलं असेल.

प्लॉय मागून आली. "इधर पापा, मम्मी, सब," ती म्हणाली. "राख अंदर." मग चालता चालता तिने एका कोनाड्यावर तळवा टेकवला, उभ्या केलेल्या स्कूटरला जाता येता हात लावावा तसा, आणि म्हणाली, "मेरा दादी. टूर लाती तो मिलती." आणि पुढे गेली. तिच्या आजीच्या शेजारचा कोनाडा उघडा होता. फोटो नाही, दगड नाही, आत काळोख. मी वाकून बघितलं नाही. पण समोरून सरकताना माझ्या पोटरीला गार वारा लागला. त्या दुपारी झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

तो बुधवार होता. खिशातला कागद मी हॉटेलात काढून बॅगेच्या तळाशी ठेवला.

गुरुवारी सकाळी शहराबाहेरच्या देवळात नेलं. तिथे पेट्यांची रांग होती. खऱ्याखुऱ्या, माणूस मावेल अशा, पांढऱ्या रंगाच्या, कडांना सोनेरी वेलबुट्टी. तिथले लोक तिथे येऊन पेटीत झोपतात. आधी डोकं पश्चिमेला, मेलेल्यांच्या दिशेला. भिक्खू अंगावर पांढरी चादर ओढतात, मंत्र म्हणतात. मग चादर काढायची, उठून दिशा बदलायची, पुन्हा झोपायचं, पुन्हा चादर, पुन्हा मंत्र. दुसऱ्यांदा उठलात की नवा जन्म. "बॅड लक खतम," प्लॉय म्हणाली.

आमच्यातलं कोणी पुढे होईना. जानवं-कुळाचार पाळणारे मागे सरले, एकजण म्हणाला घरी कळलं तर वाट लागेल.

"तू झोप ना," तावडे मला म्हणाला. "आमच्यात लाकडं असतात. पेटी तुमच्यात. तुला सवय होईल."

सगळे हसले. मीही हसलो. आणि मग बूट काढून पेटीत पाय टाकला. का, ते मला आजही सांगता येत नाही. भीड असेल. किंवा असं असेल की आज कुठेतरी उभं राहायचं टाळलेला माणूस दुसरीकडे कुठेतरी आडवा होतोच. कोणीतरी हातात कमळाची कळी दिली. तावडेने त्याच्या फोनने फोटो काढला, तोच नंतर माझ्या फोनवर आला. मग चादर आली.

चादरीतून उजेड येतो, पण त्या उजेडात काही दिसत नाही. आपलाच श्वास कापडाला लागून परत तोंडावर येतो, ओलसर, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. भिक्खूंचा आवाज एकसुरी, खालून वर येणारा. घड्याळ मी मुंबईच्याच वेळेवर ठेवलं होतं, आठवड्याभरासाठी कशाला बदलायचं. मनगट डोळ्यांजवळ आणून मी ते चादरीखालच्या पांढुरक्या उजेडात बघितलं. दहा वाजून सात मिनिटं. कागदावर सकाळी दहा लिहिलं होतं.

आणि तेव्हा तो आवाज सुरू झाला. खर्र. थोडं थांबून, खर्र. देवळाच्या अंगणात कोणीतरी पाचोळा झाडत होतं, हे मला नंतर दिसलं. लांब दांड्याचा खराटा घेतलेली एक बाई. पण चादरीखाली तो फावड्याचा आवाज होता. तो माझ्या पायांकडून येत होता आणि हळूहळू जवळ येत होता.

चादर निघाली, मी दिशा बदलली, चादर परत आली. दुसरे मंत्र संपले. शेजारच्या पेट्यांतले लोक उठले, हसले, कपडे झटकले, ते मला ऐकू येत होतं. एक मदतनीस बाई प्रत्येक चादर दूर करून हाताला धरून उठवत होती. माझ्यापर्यंत ती आली नाही. रांगेत मी शेवटचा होतो, तिला वाटलं असेल पेटी रिकामीच आहे. मी वाट बघत राहिलो. उठायचं तर आपण आपलंही उठू शकतो हे डोक्यात येत होतं, पण ते हातापायांपर्यंत पोचत नव्हतं. पावलं लांब गेली. आवाज लांब गेले. खराटा तेवढा चालू होता. मग तोही थांबला.

शेवटी तावडे आला. "झोपलास काय खरंच?" चादर ओढून तो म्हणाला. "बस सुटायला आलीय, साल्या." मग माझा चेहरा बघून त्याने मला हात दिला आणि माझे बूट स्वतः उचलून आणून दिले. 

मंगळवारी सकाळी मी सिमेट्रीत गेलो. पास्कू अंकल, आमचे खड्डे खणणारे, टोपली उपडी घालून तिच्यावर बसले होते. तारीख पुढे गेली नव्हती.

"पाचपर्यंत थांबलो," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मम्माला वर काढून चादरीवर ठेवलं. रांगेत नऊ होते. लोक आले, आपापलं माणूस घेऊन गेले. दुपारी ऊन फिरलं तशी मी चादर सावलीत ओढली. शेवटी तुमची एकटीच राहिली."

"मला फोन का नाही केला?"

"केला. बंद होता."

"बायला करायचा."

"कागदावर तुझा नंबर आहे, बाबू. तूच लिहिलास."

मी मनगटाबद्दल विचारलं. त्यांनी आपल्या उजव्या हाताचं मनगट माझ्यासमोर धरलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याच्यावर एक तिरकी रेघ ओढली. हो, वाकडं होतं. म्हणजे त्यांनी ते नीट बघितलं होतं. रोजरीबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही.

यापुढचं मी केलं ते कोणी सांगितलेलं नव्हतं. पास्कू अंकलना हात जोडले आणि बायला बोलू नका म्हणालो. ते टोपली उचलून गेले. ते बोलले नाहीत, शेवटपर्यंत. आता तेही नाहीत. त्यांना वर काढलं तेव्हा त्यांचे तिघे मुलगे सकाळपासून उभे होते.

मरोळच्या घरामागे जुन्या मोरीचा कट्टा फोडून ठेवला होता. त्याच्यातल्या दोन विटा घेतल्या, फोडून त्यांचे हाताएवढे तुकडे केले, पांढऱ्या कापडात बांधले आणि लाकडी पेटीत ठेवले. बाय आत खाटेवर होती. तिला हातोडीचा आवाज ऐकू गेला असणार. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी पेटी कोनाड्यात बसवायची होती. बायने हट्ट धरला की तिने स्वतः मम्माला हातात घेतल्याशिवाय आत घालायचं नाही. डॉक्टर नको म्हणत असताना तिला रिक्षात बसवून नेलं. सगळ्या रस्ताभर पेटी तिच्या मांडीवर होती, दोन्ही हातांचा वेढा घातलेली. खड्डा आला की ती पेटीवर वाकायची, आतल्याला दणका बसू नये म्हणून. मरोळ नाक्यावर सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती हळूच म्हणाली, "अजून जड आहे रे आपली मम्मा."

मी बाहेर बघत होतो.

"आयुष्यभर पाटा-वरवंटा केला," ती म्हणाली. "हाडं जड असणारच."

त्यानंतरची सहा वर्षं मी कशी काढली, हा या लेखाचा विषय नाही. माणूस काढतो. लॉकडाऊनमध्ये सिमेट्री बंद होती तेव्हा बाय रोज संध्याकाळी सिमेट्रीच्या दिशेच्या खिडकीत मेणबत्ती लावायची आणि मला फोन करून सांगायची, लावली बरं का. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ती भिंतीशी जाते, पाटीवर तळवा टेकवते, घरात काय चाललंय ते सांगते. एका रविवारी मी दोन पावलं मागे उभा होतो. बाय विटांना सांगत होती की बाबूचं प्रमोशन हुकलं, तू जरा बघ त्याच्याकडे. मला प्लॉयचा तळवा आठवला. आणि तिच्या आजीच्या शेजारचा तो उघडा कोनाडा.

तो आवाजही गेला नाही. मरोळला जायला मी गोरेगावहून आरे कॉलनीतून जाणारी बस पकडतो. नोव्हेंबरच्या सकाळी आरेत धुकं असतं, गोठ्यांचा वास खाली बसलेला असतो, झाडं रस्त्यावर वाकलेली. एखाद्या थांब्यावर ड्रायव्हर इंजिन बंद करतो. मग त्या शांततेत कुठूनतरी येतं, खर्र. थांबून, खर्र. पालापाचोळा झाडणारं कोणीतरी असतंच आरेत, असणारच. मी खिडकीतून शोधत नाही. मनगटावरचं घड्याळ बघतो. मला वाटतं बाकीचे उतारूही एकदम गप्प झालेत, आणि बस सुटेपर्यंत मी त्यांच्याकडे वळून बघत नाही.

या वर्षी ऑक्टोबरात बायने क्रोशा हातात घेतला. पांढरा दोरा, बारीक नक्षी, चौकोनी पिशवीसारखं काहीतरी. मी विचारलं हे काय. म्हणाली, "मम्माचं कापड कुजलं असेल आता. नवीन विणतेय. गवंड्याला सांगून ठेवलंय, दोन तारखेनंतरच्या शनिवारी पाटी काढेल. कापड बदलू, पेटी पुसू. आणि आतली जागा मला बघायचीच आहे. माझी पेटी पण तिथेच जायची ना, मम्माच्या बाजूला. मावेल की नाही ते बघायला नको?"

मी म्हणालो बघू. नंतर म्हणालो धूळ फार असते गं, तुला दमा आहे. तिने सुई थांबवली नाही. शुक्रवारपर्यंत ती पिशवी पुरी झाली, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा बारीक क्रूस घातला होता. शुक्रवारी दुपारी मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून तिच्याकडे गेलो आणि जेवणाच्या टेबलाशी बसून सगळं सांगितलं. गुरुवार, कागद, बंद फोन, पेटी, चादर, दहा वाजून सात मिनिटं, मला उठवायला कोणी आलं नाही तेही, पास्कू अंकल, विटा. क्रमाने सांगितलं. कागद तपासून सव्वीस वर्षांत तेवढं जमलंय.

बाय पिशवीची घडी करत होती. घडी झाली, उलगडली, पुन्हा केली.

"कुठल्या विटा?" तिने विचारलं.

"मोरीच्या कट्ट्याच्या."

"आवाज आला होता मला," ती म्हणाली. "मला वाटलं, तू रडू येऊ नये म्हणून काहीतरी काम काढलंयस."

मी म्हणालो, गवंड्याला मी नको म्हणून सांगतो.

"नाही. उघडायचं. मला बघायचंय."

शनिवारी गवंड्याने छिन्नीने पाटीच्या कडा सोडवल्या. पाटी उतरवून त्याने भिंतीला टेकवून ठेवली, मम्माचं नाव आमच्याकडे करून. पेटीला एका बाजूने वाळवी लागली होती. बायने ती कठड्यावर ठेवायला लावली आणि काठी माझ्याकडे देऊन स्वतः गाठ सोडली. कापड पिवळं पडलं होतं. विटांचे तुकडे होते तसे होते, लाल, कोरडे. त्यांच्यामध्ये दोन लहान पांढऱ्या गोष्टी होत्या, हाडाच्या रंगाच्या. बायने त्या उचलून तळव्यावर घेतल्या. तिचा हात इतका हळू हलला की क्षणभर मीसुद्धा, सगळं ठाऊक असून, श्वास रोखला.

"हे काय?"

"पालीची अंडी," गवंडी म्हणाला. "फुटलेली. टरफलं आहेत, मावशी."

तिने ती टरफलं खाली टाकली नाहीत. परत कापडात ठेवली. गवंडी एकदा विटांकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. बायने काठी मागून घेतली, पाटी परत लावू नको म्हणून त्याला सांगितलं आणि मागच्या विहिरीकडे गेली. मी दोन पावलं टाकली तर न वळता म्हणाली, "तू नको." गवत कमरेएवढं होतं. ती त्यात शिरली आणि काठीने वाट करत झाकणापर्यंत पोचली. तिथे किती वेळ उभी होती ते मी मोजलं नाही. येताना तिने रिक्षा एकटीने केली. क्रोशाची पिशवी तिच्या हातात नव्हती.

त्यानंतर तीन आठवडे बाय माझ्याशी बोलली नाही. मी फोन केला की उचलायची, मी आहे असं म्हटलं की ठेवायची. बायको म्हणाली, जा ना समोर. मी दोनदा आरेतून दारापर्यंत जाऊन परत आलो. खिडकीत मेणबत्ती नव्हती. कोनाडा अजून उघडाच आहे, असं गावातल्या लोकांनी सांगितलं. आत उजेड पडत नाही, असंही कोणीतरी म्हणालं, भर दुपारी सुद्धा. लोक काहीही म्हणतात.

काल तिचा फोन आला. स्वतःहून. मी ऑफिसात होतो, समोर कागद होता.

"बाबू."

"बोल गं."

"त्या देवळात पेटीत तुला उठवायला कोणी आलं नाही म्हणालास."

"हो."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं असतील."

"काय वाटलं?"

मी पेन खाली ठेवलं. "असं वाटलं की मी इथे आहे हे कोणाला ठाऊकच नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत बाय थांबली.

"मम्मा सात तास होती," ती म्हणाली.

  दुसरी शिट्टी झाली, गॅस बारीक केल्याचा आवाज आला.

"रविवारी ये," ती म्हणाली. "विहिरीवरचं गवत काढायचंय. विळा घेऊन ये, माझा बोथट झालाय."